केनियातील माणसे, त्यांच्या जमाती आणि त्यांच्या भाषा

कामगार संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने पूर्व आफ्रिकेतील एका देशाच्या जमाती आणि भाषा यांवर बोलावे, याचे काही जणांना नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण लवकर आटोपले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटापुढे बसून. त्या वाचनात मखनसिंग या पंजाबी कामगार-पुढाऱ्याचे नाव भेटले, आणि त्या नावाच्या मागोमाग आम्ही केनियात शिरलो. शिरलो तो संपाचा इतिहास पाहावा म्हणून. पण संपात उतरलेली माणसे कोण, ती एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होती, हे कळल्यावाचून संपही कळेना. म्हणून आजचा हा विषय.

केनियात किती तऱ्हेचे लोक राहतात, असे विचारले म्हणजे एक ठरलेले उत्तर अनेक वर्षे मिळत असे: बेचाळीस जमाती. तेथील किस्वाहिली भाषेत जमातीला 'कबिला' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? तो मूळचा अरबी. आपल्याकडेही तो आला, आणि जुन्या मराठीत बायकामुलांसह सारे कुटुंब या अर्थाने रुळला. एकाच शब्दाने आपल्याकडे घर सांगितले आणि तिकडे जमात सांगितली. हा कबिला ठरविला कोणी, कागदावर लिहिला कोणी, आणि त्या लिहिण्याचा माणसाच्या भाकरीशी संबंध काय, एवढेच आज तपासावयाचे आहे.

प्रथम लोकसंख्या पाहू. देशभर घेतलेली पहिली खानेसुमारी १९४८ सालची. तेव्हा केनियात सुमारे ५४ लाख लोक होते. १९६२ साली ते ८६ लाख झाले, १९७९ साली १ कोटी ५३ लाख, १९९९ साली २ कोटी ८७ लाख, आणि २०१९ च्या गणनेत ४ कोटी ७५ लाख ६४ हजार. म्हणजे एकाहत्तर वर्षांत जवळजवळ नऊपट. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. पण त्यातील चार-पंचमांश भूमी कमी पावसाची आणि कोरडी आहे. माणसांची दाटी झाली आहे ती केनिया पर्वताच्या आसपासच्या उंच सुपीक प्रदेशात, पश्चिमेस व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूस, आणि मोंबासाच्या किनारपट्टीवर. जमिनीचे हे गणित ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पुन्हा पुन्हा पडणार आहे.

२०१९ च्या गणनेप्रमाणे सर्वांत मोठी जमात किकुयू, सुमारे ८१ लाख. त्याखालोखाल लुहिया ६८ लाख, कालेनजिन ६३ लाख, लुओ ५० लाख आणि कांबा ४६ लाख. या पाच जमाती मिळून देशातील दर तिघांपैकी जवळजवळ दोघे होतात. त्यानंतर सोमाली, किसी, मिजिकेंडा, मेरू, मसाई, तुर्काना असा क्रम लागतो. कोणतीही एक जमात शेकडा १८ च्या वर नाही. याचा अर्थ असा की, एकट्या जमातीच्या बळावर त्या देशावर कोणालाच राज्य करता येत नाही. कोणाची तरी सोबत घ्यावीच लागते. तेथील राजकारणाची किल्ली या एका आकड्यात आहे.

आता भाषा. केनियात सहासष्ट-अडुसष्ट भाषा बोलल्या जातात असे भाषातज्ज्ञ मोजतात; पण स्थानिक भाषांची मोठी कुळे तीनच. पहिले बांटू कुळ. किकुयू, लुहिया, कांबा, किसी, मेरू, मिजिकेंडा आणि किनाऱ्यावरची किस्वाहिली ही सारी या कुळातली. 'बांटू' म्हणजे माणसे. किस्वाहिलीत एक माणूस म्हणजे 'म्टु' आणि पुष्कळ माणसे म्हणजे 'वाटु'; किकुयूत 'मुंडु' आणि 'अंडु'. नाते कानांनाच कळते. दुसरे नाइलोटिक कुळ. त्यात लुओ, कालेनजिन, मसाई आणि तुर्काना. तिसरे कुशिटिक, त्यात सोमाली, बोराना, रेंडिले या उत्तरेकडील पशुपालकांच्या भाषा. पश्चिमेस लुहिया आणि लुओ शेजारीशेजारी राहतात, एकाच बाजारात मासळी आणि मका विकतात. पण त्यांच्या भाषांत मराठी आणि कानडी यांच्यासारखे कुळाचे अंतर आहे.

परंतु भाषेची आणि जमातीची सीमा नकाशावरील रेघेसारखी पक्की असते, असे समजू नये. व्हिक्टोरिया सरोवरातील बेटांवर आणि काठावर सुबा नावाचे लोक राहतात. ते मूळचे बांटू भाषिक. पण लुओंशी सोयरीक आणि व्यवहार होता होता त्यांच्यातील बहुतेक लोक लुओ भाषा बोलू लागले. मुकोगोडोच्या जंगलातील याकू लोक मध गोळा करून राहत. त्यांनी विसाव्या शतकात गुरे पाळावयास घेतली आणि त्याबरोबर मसाईंची भाषाही घेतली. त्यांची स्वतःची भाषा जाणणारे आज बोटांवर मोजण्याइतकेही क्वचित सापडतील. माऊच्या रानातील ओगिएक लोकांना तर आपल्याच रानात राहण्याचा हक्क मिळविण्यासाठी आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०१७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पोटापाण्याचा धंदा बदलला की भाषा बदलते, सोयरीक बदलली की जमात बदलते. पूर्वी हे सारे सहज चालत असे.

याहून नवल पुढेच आहे. ज्या मोठमोठ्या जमातींची नावे आम्ही आताच घेतली, त्यांतील काही नावे फार जुनी नाहीत. पश्चिमेकडील बुकुसू, मारागोली, वांगा इत्यादी डझनावारी गटांनी 'लुहिया' हे एकत्र नाव घेतले ते १९३० नंतरच्या काळात. नांदी, किप्सिगिस, तुगेन, पोकोट वगैरे गट स्वतःला 'कालेनजिन' म्हणवू लागले ते १९४० नंतर. त्या शब्दाचा अर्थ 'मी तुम्हांला सांगतो' असा, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रेडिओवरील बोलण्याच्या आरंभी तो वापरला जाई. किनाऱ्यावरच्या नऊ गटांचे 'मिजिकेंडा', म्हणजे नऊ गावे, हे नावही त्याच सुमारास रूढ झाले. हे लोक नवे नव्हते, त्यांच्या बोली नव्या नव्हत्या. पण एकत्र येऊन सरकारपुढे एका नावाने उभे राहण्याची गरज नवी होती. ती गरज कोठून निर्माण झाली?

त्यासाठी इंग्रजी अमलाकडे वळले पाहिजे. १८९५ साली हा मुलूख इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला आणि १९२० साली तो 'केनिया वसाहत' झाला. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून सरोवराकाठच्या किसुमूपर्यंत रेल्वे बांधली गेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले. त्यांतील पुष्कळसे पंजाबचे. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले, आणि सहा हजार सातशेच्या वर तेथेच राहिले. रेल्वे झाली, पण तिला माल पाहिजे. म्हणून उंच, थंड, सुपीक जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना दिल्या. १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हलविले. मळ्यांना मजूर पाहिजेत, म्हणून प्रत्येक झोपडीवर रोख कर बसविला. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याने ती मळ्यावर राबून मिळवावी, असा हा सरळ हिशेब होता.

आणि मग प्रत्येक जमातीसाठी राखीव मुलूख आखले. १९२६ साली त्यांच्या सीमा सरकारी राजपत्रात छापल्या गेल्या. किकुयूंनी येथे, लुओंनी तेथे, मसाईंनी पलीकडे. जो माणूस ज्या जमातीचा, त्याला त्याच मुलखात जमिनीचा हक्क. ज्या दिवशी जमीन जमातीच्या नावावर मोजली गेली, त्या दिवशी जमातीचे नाव पोटाशी बांधले गेले. मग ज्याचा गट लहान, त्याने शेजाऱ्यांना गोळा करून मोठे नाव का घेऊ नये?

यातच 'किपांडे' आला. किस्वाहिलीत त्याचा साधा अर्थ 'तुकडा'. १९१५ च्या कायद्याने आणि महायुद्धानंतरच्या अंमलबजावणीने सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला हा परवाना जवळ बाळगणे भाग झाले. त्यावर नाव, जमात, बोटांचे ठसे, मालक कोण, मजुरी किती हे सारे लिहिलेले असे. तो कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवीत. मालकाने सही केल्याशिवाय माणसाला काम सोडता येत नसे. परवाना जवळ नसला तर दंड किंवा तुरुंग. आम्ही अनेक तऱ्हेची हजेरी-कार्डे आणि गेटपास पाहिले आहेत, पण कामगाराच्या गळ्यात त्याची जमात आणि त्याची मजुरी एकाच डबीत घालून लटकविण्याची ही युक्ती दुसरीकडे वाचल्याचे आठवत नाही.

आफ्रिकनांची वाटणी जमातींत झाली, तशी साऱ्या देशाची वाटणी रंगांत झाली. नोकरी एकच असली तरी गोऱ्याचा पगार वेगळा, हिंदी माणसाचा त्याहून कमी, आणि आफ्रिकनाचा सर्वांत कमी. मोजणाऱ्याची हौस इतकी की, १९४८ च्या खानेसुमारीत हिंदी लोकांचा रकाना वेगळा आणि गोवेकरांचा वेगळा ठेवला होता. आपल्या कोकणपट्टीलगतच्या गोव्यातून गेलेले हे कारकून, शिंपी, आचारी. त्यांची संख्या सात हजारांच्या थोडी वर. पोर्तुगीजांचे प्रजाजन म्हणून त्यांचा खण निराळा.

रकाने असे आखले गेले. पण रेल्वेच्या कारखान्यात आणि मोंबासाच्या गोदीत काय चालले होते? तेथे लुओ, लुहिया, कांबा, किकुयू, मिजिकेंडा एकाच वजनाची पोती उचलत होते. त्यांना एकमेकांशी बोलावयास एक भाषा पाहिजे होती, आणि ती तयार होती. किस्वाहिली ही किनाऱ्यावरची बांटू भाषा. शेकडो वर्षांच्या समुद्री व्यापाराने तिच्यात अरबी शब्द आले, फारसी आले, पोर्तुगीज आले आणि हिंदुस्थानी किनाऱ्यावरचेही आले. तिच्यात गाडीला 'गारी' म्हणतात, पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', रंगाला 'रांगी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', आणि चपातीला चपातीच. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत हिंदुस्थानचा रुपया चालत होता, तेव्हा पैशाचे शब्द तिकडे गेले यात नवल नाही. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची ही भाषा रेल्वेबरोबर देशाच्या पोटात शिरली आणि मजुरांची भाषा झाली. संपाला तिच्यात 'म्गोमो' म्हणतात.

१९४७ च्या जानेवारीत मोंबासात सार्वत्रिक संप झाला. गोदी, रेल्वे, हॉटेले, घरकाम असे सुमारे पंधरा हजार कामगार बारा दिवस बाहेर राहिले. त्यांच्या सभा एका मैदानावर भरत. त्या मैदानाला लोकांनी नाव दिले, 'किवांजा चा मास्किनी', म्हणजे गोरगरिबांचे मैदान. 'मास्किनी' हा आपल्या जुन्या दप्तरांतला 'मिस्कीन'. आणि गंमत पाहा, मधला 'चा' हा षष्ठीचाच आहे! आपला आणि त्यांचा 'चा' यांचे काही नाते नाही, तो निव्वळ योगायोग आहे. शिवाय तिकडे क्रमही उलटा, मैदान आधी आणि गरीब नंतर. तरी तो वाचला तेव्हा आम्हांला ते मैदान फार परके वाटेना. या कामगारांच्या संघटनेचे पुढारी चेगे किबाचिया हे किकुयू होते. किकुयूंचा मुलूख मोंबासापासून शेकडो मैल दूर; मैदानावर जमलेल्यांत त्यांच्या जमातीचे लोक थोडेच. पण तेथे कोणी त्यांचा कबिला विचारला नाही. सरकारने मात्र त्याच वर्षी त्यांना पकडून दूर स्थानबद्ध केले.

हा पहिलाच प्रसंग नव्हता. १९२१ साली नैरोबीत हॅरी थुकू या तरुण टेलिफोन कारकुनाने मजुरीकपात आणि किपांडे यांविरुद्ध चळवळ उभी केली. आरंभी तिच्या नावात किकुयू होते. थोड्याच दिवसांत ते काढून 'ईस्ट आफ्रिकन असोसिएशन' असे सर्वांचे नाव घेतले. १९२२ च्या मार्चमध्ये थुकूंना अटक झाली. चौकीबाहेर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि सरकारी हिशेबानेच एकवीस माणसे पडली. ती संघटना मोडली. पुढे जमातीजमातींच्या वेगळ्या संघटना निघाल्या. त्यांचे सरकारला तितके भय वाटत नव्हते.

आता मखनसिंग यांच्याकडे येऊ. त्यांचे वडील रेल्वेत सुतार म्हणून आले आणि पुढे त्यांनी छापखाना काढला. १९२७ साली मखनसिंग मुलगा म्हणून नैरोबीस आले. तेथील हिंदी कामगारांची एक संघटना होती. तिचे चिटणीस झाल्यावर १९३५ साली त्यांनी तिचे दार सर्व वर्णांच्या कामगारांना उघडले आणि नावच बदलून 'लेबर ट्रेड युनियन ऑफ केनिया' केले. १९३७ साली बासष्ट दिवसांचा संप झाला आणि मजुरी शेकडा १५ ते २२ नी वाढली. मध्यंतरी ते हिंदुस्थानात आले, मुंबई-अहमदाबादच्या कामगारांत वावरले आणि येथेही इंग्रज सरकारच्या कैदेत पडले. १९४९ साली त्यांनी फ्रेड कुबाई यांच्याबरोबर पूर्व आफ्रिकेच्या कामगार संघटनांची मध्यवर्ती काँग्रेस स्थापिली. २३ एप्रिल १९५० रोजी नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. पुढच्याच महिन्यात अटक झाली आणि नैरोबीत संप पेटला. मखनसिंग उत्तरेच्या ओसाड मुलखात साडेअकरा वर्षे स्थानबद्ध राहिले. १९६१ साली सुटले. स्वातंत्र्यानंतर त्यांना मोठे पद मिळाले नाही. त्यांनी कामगार चळवळीचा इतिहास लिहिला, तो १९६९ साली छापला गेला, आणि १९७३ साली ते वारले.

त्यांच्या जोडीने पिओ गामा पिंटो यांचे नाव घेतले पाहिजे. नैरोबीत जन्मलेले हे गोवेकर. शिक्षण हिंदुस्थानात झाले, काही काळ मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, तेथील संपात भाग घेतला, आणि गोवामुक्तीच्या कामातही पडले. १९४९ साली केनियात परतल्यावर त्यांनी आफ्रिकनांच्या स्वातंत्र्यलढ्याला वाहून घेतले आणि १९५४ पासून ते स्थानबद्धतेत राहिले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत गोळ्या घालून त्यांचा खून झाला. खानेसुमारीने 'गोवेकर' म्हणून ज्यांना स्वतंत्र खणात घातले, त्यांच्यातलाच हा माणूस स्वतंत्र केनियातील पहिला राजकीय हुतात्मा म्हणून गणला जातो.

१९५२ च्या ऑक्टोबरात, माऊ माऊ उठावाच्या वेळी, सरकारने आणीबाणी पुकारली. १९५४ च्या एप्रिलमध्ये नैरोबी शहर वेढून किकुयू, एंबू आणि मेरू माणसे निवडून काढली आणि वीस हजारांवर लोक छावण्यांत घातले. माणसाने काय केले हे नंतर. आधी कागदावरची जमात पाहिली गेली. पुढे १९५५ साली आफ्रिकनांना राजकीय पक्ष काढण्याची परवानगी मिळाली, पण अशी की, पक्ष जिल्ह्यापुरताच असावा, देशभराचा नको. आणि जिल्हे तर बहुतेक जमातींच्या सीमांवरच आखलेले! आमच्या समजुतीप्रमाणे केनियाच्या पुढील दुःखाचे बी या एका नियमात पडले. एक पिढीभर राजकारण शिकावयाचे ते आपल्या जमातीच्या आवारात, असा त्याचा परिणाम झाला.

त्या काळात देशभर पसरलेली आफ्रिकनांची एकच मोठी संघटना कायद्याने उभी होती, ती म्हणजे कामगार संघटनांचा महासंघ. त्याचे चिटणीस टॉम म्बोया. हे जातीने लुओ. पण जन्म किकुयू मुलखाच्या काठावरील घायपाताच्या मळ्यावर, जेथे वडील कामाला होते. शाळा कांबा मुलखात. मळ्यावर जन्मलेल्या मुलाला कबिल्याची भिंत कशी दिसणार? १९५५ साली मोंबासाच्या गोदी कामगारांचा संप त्यांनी मिटविला आणि मजुरी एक-तृतीयांशाने वाढवून घेतली. १९६१ च्या निवडणुकीत नैरोबीच्या एका मतदारसंघात त्यांच्यासमोर किकुयू उमेदवार उभा होता आणि मतदारांत किकुयूच अधिक. तरी म्बोया प्रचंड मतांनी निवडून आले. ज्या शहरात लोकांनी त्यांचे काम पाहिले होते, तेथे जमात आड आली नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. पण गोऱ्यांच्या जमिनी परत वाटताना जुना प्रश्न जिवंत झाला. रिफ्ट खोऱ्यात पूर्वी मसाई आणि कालेनजिन गुरे चारीत. तेथे आता विकत घेऊन किकुयू शेतकरी मोठ्या संख्येने वसले. जमीन कोणाची? ज्याने गमावली त्याची, की ज्याने दाम मोजला त्याची? या प्रश्नाला शांतपणे उत्तर शोधण्याऐवजी पुढाऱ्यांनी त्याचा उपयोग मतांसाठी केला. ५ जुलै १९६९ रोजी म्बोयांचा खून झाला, आणि लुओ व किकुयू यांच्यातील दरी रुंदावली. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या सुमारास रिफ्ट खोऱ्यात दंगली झाल्या. २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीच्या वादग्रस्त निकालानंतर तर देश पेटला. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे सहा लाख घराबाहेर पडली. एल्डोरेटजवळ किआंबा येथे आसऱ्याला आलेल्या किकुयू बायकामुलांसह चर्च जाळले. नैवाशात फुलांच्या मळ्यांवरील लुओ आणि लुहिया मजुरांना पळ काढावा लागला. एकाच मळ्यावर, एकाच मजुरीवर गुलाब खुडणारी ही माणसे. कामगार संघटनेच्या माणसाला ही बातमी वाचणे फार जड जाते. संघटना दुबळी पडली की तिच्या जागी काय येऊन बसते, ते येथे दिसते.

कोणी म्हणतील, मग जमात हे सारे इंग्रजांचेच बनावट आहे काय? तसे नाही. आई ज्या भाषेत अंगाई म्हणते, मेल्यावर माणसाला ज्या मातीत ठेवतात, ते खोटे नसते. १९८६ च्या डिसेंबरात नैरोबीतील लुओ वकील एस. एम. ओटिएनो वारले. त्यांच्या पत्नी वांबुई या किकुयू. पतीला नैरोबीजवळ पुरावे असे त्यांचे म्हणणे. वडिलोपार्जित गावीच पुरावे असे कुळाचे. पाच महिने प्रेत ठेवून खटला चालला आणि मे १९८७ मध्ये कुळाच्या बाजूने निकाल लागून अंत्यविधी गावी झाला. साऱ्या देशाने तो खटला श्वास रोखून पाहिला. कारण प्रत्येक घरात तो प्रश्न होता. जमात खरी आहे. तिच्यावर जमीन, नोकरी आणि मत लटकविले म्हणजे ती धोक्याची होते.

मोजणीचेही तसेच. २००९ च्या गणनेनंतर उत्तरेकडील आठ जिल्ह्यांचे आकडे सरकारने अविश्वसनीय म्हणून रद्द केले. कारण डोकी मोजणे म्हणजे मतदारसंघ आणि पैसा मोजणे. आणि मोजणीबाहेर राहिलेल्यांचे काय? मकोंडे लोक मोझांबिकहून घायपात आणि उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. तीन पिढ्या राबले, पण नागरिकत्वाचा कागद नाही. २०१६ साली ते क्वालेहून पायी नैरोबीस निघाले आणि त्यानंतर त्यांना मान्यता मिळाली. ती त्रेचाळिसावी जमात ठरली. २०१७ साली हिंदी वंशाचे लोक चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्य झाले. १९६२ साली ते पावणेदोन लाखांहून अधिक होते. २०१९ च्या गणनेत लाखाच्या आत आहेत. रेल्वेचे रूळ टाकावयास गेलेल्यांच्या वंशजांना कबिला मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

२००७-०८ च्या आगीतून देश काही शिकला. २००८ च्या कायद्याने कोणत्याही सरकारी कचेरीत एका जमातीची माणसे एक-तृतीयांशाहून अधिक नसावीत असे ठरले. २०१० च्या घटनेने सत्तेचाळीस परगणे केले आणि राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून अधिक परगण्यांत किमान शेकडा पंचवीस मते मिळालीच पाहिजेत अशी अट घातली. त्याच घटनेने किस्वाहिली ही राष्ट्रभाषा आणि किस्वाहिली व इंग्रजी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा ठरविल्या. तरी कचेरीत, कोर्टात आणि वरच्या शाळेत इंग्रजीचाच दबदबा आहे.

मातृभाषेचे सामर्थ्य मात्र एकाने दाखविले. लेखक न्गूगी वा थिओंगो यांनी १९७७ साली कामिरीथू गावी शेतकरी आणि कारखान्यातील मजूर यांना घेऊन किकुयू भाषेत नाटक केले. विषय जमिनीचा आणि मजुरीचा. काही आठवड्यांतच त्याची परवानगी काढून घेतली गेली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गूगींना पकडले. इंग्रजीत त्यांनी याआधी बरेच कडक लिहिले होते, तेव्हा कोणी धरले नव्हते. तुरुंगात संडासच्या कागदावर त्यांनी किकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले.

आणि नैरोबीच्या पूर्वेकडील कामगार वस्त्यांत एक नवीच बोली वाढली आहे. तिला 'शेंग' म्हणतात. सांगाडा किस्वाहिलीचा, शब्द इंग्रजीचे, किकुयूचे, लुओचे, जे हाताशी येईल त्याचे. शाळामास्तर तिच्यावर रागावतात. पण ती बोलणारे पोर किकुयू की लुहिया, हे बोलण्यावरून पटकन ओळखता येत नाही. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी ते इंग्रजी विधेयक किस्वाहिलीत आणि घरच्या बोलींत समजावून सांगितले, आणि स्वतःला 'बिनजमातीचे' म्हणवून घेतले. काहींचे प्राण गेले. विधेयक मागे घ्यावे लागले. हे तरुण उद्याच्या निवडणुकीत काय करतील, ते आज कोणी सांगू नये. बिनजमातीचे राहणे एका दिवसाच्या मोर्चात सोपे असते. जमीन आणि नोकरी वाटताना ते अवघड असते.

बंधुभगिनींनो, आमच्या अनुभवाने आम्ही एवढेच म्हणतो. साठ-सत्तर भाषांनी केनिया मोडला नाही. भाषा बाजारात, गोदीत, मळ्यावर एकमेकींतून देवघेव करीत राहिल्या आणि कामापुरती एक सामाईक भाषाही त्यांनी उभी केली. मोडतोड झाली ती माणसाचे नाव ज्या रकान्यात लिहिले त्या रकान्याला त्याची भाकरी बांधली, तेव्हा. म्हणून एखाद्या देशातील जमाती आणि भाषा यांचा तक्ता हाती आला, म्हणजे शेजारी आणखी तीन रकाने आखून पाहावेत: जमीन कोणाकडे, मजुरी किती, आणि संघटना कोणाची. हे तीन रकाने भरल्यावर पहिला तक्ता बोलू लागतो.